थप्पीभोवतीची माणसं

लोकमित्र वाचनालयाला पंचवीस वर्षं पूर्ण व्हायला आली, तेव्हा कार्यवाह हिंदुराव सरांच्या डोक्यात भिंतीची कल्पना आली. सर मूळचे माळशिरसचे, हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन सोलापुरात मुलाकडं राहायला आलेले. आदल्या वर्षी, दुष्काळ चालू असताना, त्यांनी एक सरकारी प्रदर्शन पाहिलं होतं. विहिरी, बैल, खडी फोडणारी माणसं अशी लहान लहान चित्रं रांगेनं काढून तिथं जिल्ह्याची सगळी हकिकत मांडली होती. एक बैल म्हणजे हजार बैल. सही करता न येणारी माणसंसुद्धा त्या तक्त्यांपुढं उभी राहून बोटानं बैल मोजत होती. ते दृश्य सरांच्या मनात घर करून बसलं.

"चांगुणाबाई, आपण दर वर्षी अहवाल छापतो," एका सकाळी ते ग्रंथपाल चांगुणाला म्हणाले, "तो वाचतं कोण?"

"तुम्ही आणि मी."

"मी पण पहिलंच पान वाचतो. यंदा अहवाल भिंतीवर काढायचा. बाहेरच्या, रस्त्याकडच्या भिंतीवर. आपल्या गावात कोण काय वाचतं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

चांगुणाला हे मनापासून आवडलं. ती बुधवार पेठेतली, सव्वीस वर्षांची, ग्रंथपालनाचा कोर्स पुण्याला जाऊन करून आलेली. वाचनालयात आल्यापासून तिनं एक शिस्त लावली होती. कुठल्या भाषेचं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, याची बेरीज ती दर महिन्याला काढायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते करताना बरं वाटायचं, जसं कुणाला रांगोळी काढताना वाटतं. वाचनालयाची जागाही अशी होती की एका अंगाला जुनं शहर आणि दुसऱ्या अंगाला पूर्व भागातली विणकरांची वस्ती. दारातून आत येणाऱ्याच्या तोंडी मराठी असेल, कन्नड असेल, तेलुगू असेल, नाहीतर दखनी उर्दू. चारी भाषांची कपाटं होती. मराठीची भिंतभर, कन्नडची तीन, उर्दूची दोन आणि तेलुगूचं एक.

त्या एका कपाटाबद्दल चांगुणानं कमिटीकडं दोनदा अर्ज केला होता. पुस्तकं जुनी झालीत, नवी घ्या. दोन्ही वेळा 'पुढच्या खरेदीत पाहू' असं उत्तर आलं होतं.

भिंत रंगवायला विरुपाक्ष पेंटर आला. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कन्नड बोलणारा. सोलापूरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. चारी लिप्या तो सारख्याच डौलात काढायचा.

"उर्दू आणि तेलुगू मला वाचता येत न्हाय बाई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "पण काढता येतंय. कागदावर लिहून द्या, मी उतरवतो."

चांगुणानं चार खांबांचं चित्र काढून दाखवलं. विरुपाक्षनं मान तिरकी करून ते बघितलं.

"खांब कशाला? वाचनालय हाय की हे. पुस्तकांच्या थप्प्या काढू."

थप्प्या ठरल्या. चित्रातलं एक पुस्तक म्हणजे बाहेर गेलेली शंभर पुस्तकं, असं चांगुणानं सांगितलं.

"लोकांना कळंल का, एक म्हणजे शंभर?"

"खाली लिहू या."

"लिहिलेलं वाचणारा चित्र कशाला बघंल?" विरुपाक्ष हसला, पण त्यानं लिहिलं. मग उरलेल्या चाळीस-पन्नासांचं काय करायचं, यावर दोघांनी बराच काथ्याकूट केला. शेवटी थप्पीच्या वरचं पुस्तक पातळ काढायचं ठरलं. अर्धं कापलेलं पुस्तक वाचनालयाच्या भिंतीवर बरं दिसणार नाही, यावर दोघांचंही एकमत झालं.

पाच दिवसांत भिंत तयार झाली. मराठीची भगव्या-पिवळ्या पुस्तकांची थप्पी पार कौलांपर्यंत पोचलेली. तिच्या शेजारी कन्नडची, कमरेएवढी. मग उर्दूची. आणि शेवटी तेलुगूची, गुडघ्याएवढी, चार पुस्तकं आणि वर एक पातळ. समारंभ झाला, पेढे वाटले गेले. पुढचे काही दिवस लोक खरोखरच थांबून बघत. सायकलवाले एक पाय जमिनीला टेकवून उभे राहत. चांगुणा आत टेबलाशी बसून बाहेरची कुजबुज ऐकायची आणि तिचा ऊर भरून यायचा. आपण काढलेली बेरीज रस्त्यावर उभी आहे!

कमलम्मा आली ती त्याच आठवड्यात. तेलुगू सभासदांतली ही एकुलती एक बाई. पन्नाशीची, विणकर घरातली, विड्या वळणारी. दर शनिवारी यायची, एक पुस्तक परत द्यायची, एक न्यायची. कपाटातली सगळी पुस्तकं तिची वाचून झाली होती, आता ती दुसऱ्यांदा चालली होती. त्या दिवशी ती दारात बराच वेळ उभी राहिली.

"आमची थप्पी कुठली गं?" तिनं विचारलं.

"शेवटची, कमलम्मा. निळी."

"एवढीशीच?"

"जेवढी पुस्तकं जातात तेवढी काढलीत."

"बरोबर आहे की मग," कमलम्मा म्हणाली. तिनं हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं, दुसरं न घेताच चपला घातल्या आणि गेली. चांगुणा दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक नोंदवत होती. तिच्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते कमिटीच्या बैठकीनंतर. जुबिलीसाठी चांगली वर्गणी जमली होती आणि तिच्यातून पुस्तकं घ्यायची होती. कुठल्या भाषेची किती, यावर दर वेळी तासन्तास वाद चालायचा. या वेळी सरांनी तो झटक्यात मिटवला.

"वाद कशाला? भिंतीवर आहे ना सगळं. थप्पीप्रमाणे वाटणी करू. ज्याची जेवढी उंची, त्याला तेवढी पुस्तकं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सर तर इतके सरळ की स्वतःच्या जावयाचाही विलंबाचा दंड माफ करायचे नाहीत. एका सभासदानं तेवढ्यात म्हटलं, "तेलुगूची तर चारच पुस्तकं दिसतात चित्रात. कपाट आहे ते पुरे आहे की."

"तसंच दिसतंय," सर म्हणाले.

चांगुणा तोंड उघडणार होती. पण बोलायचं काय? आकडे तिचे, चित्र तिचं. ज्या कपाटासाठी तिनं दोन अर्ज केले होते, त्या कपाटावर तिच्याच भिंतीनं बोळा फिरवला होता. आणि चित्रात खोटं काहीच नव्हतं. तिला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हेच.

पुढच्या शनिवारी कमलम्मा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका संध्याकाळी वाचनालय बंद केल्यावर चांगुणानं तेलुगू कपाटातून एक जाडसर कादंबरी काढली, पिशवीत टाकली आणि विणकरांच्या वस्तीकडं निघाली. गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट कानांवर येऊन आदळायचा, बोलणाऱ्याला ओरडावं लागायचं. पण कमलम्माचं घर गल्लीच्या टोकाला, मागच्या अंगाला होतं. तिथं आवाज जरा दबलेला होता.

अंगणात सात-आठ बाया गोल बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं झरझर चालली होती. पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला. कमलम्मा मधोमध पाटावर बसलेली. तिच्याही मांडीवर सूप होतं, पण तिची बोटं बाकीच्यांसारखी झरझर चालत नव्हती.

"अगं, तू कशी काय?" ती उठली. "बस, बस."

"तुम्ही पुस्तक न्यायला आला नाहीत म्हणून घेऊन आले."

कमलम्मा ओशाळली. "गल्लीतले पुरुष ते चित्र बघून आले. म्हणायला लागले, तू वाचतेस वाचतेस म्हणून मिरवतेस, चित्रात बघ की किती वाचतेस. मग मला पण वाटलं, कशाला एवढ्या लांब जायचं."

बाकीच्या बायांचं लक्ष मात्र पिशवीकडं होतं. त्यांच्यातली काशम्मा, तोंडानं फटकळ, तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणते, पंधरा दिवस झाले, सगळ्या मुक्या बसल्यात. पुस्तक आलं असलं तर आधी वाच, गप्पा मागाहून."

चांगुणाला उलगडा व्हायला क्षणभर वेळ लागला. कमलम्मानं सूप बाजूला ठेवलं, चष्मा चढवला, आणि वाचू लागली. आवाज मोठा, सावकाश, प्रत्येक पात्राचा वेगळा. ती वाचत असायची तेवढा वेळ तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. प्रत्येकीनं आपल्या सुपातून मूठमूठ विड्या तिच्या सुपात टाकायच्या, असा इथला रिवाज होता. शेजारच्या घरातल्या दोघी भिंतीपलीकडून ऐकत होत्या, कारण मधूनच एकीनं तिकडून ओरडून काहीतरी विचारलं आणि कमलम्मानं ते वाक्य परत वाचलं.

चांगुणाला तेलुगू येत नव्हतं. ती नुसती बसून राहिली. चित्रातल्या निळ्या पुस्तकांभोवतीची सगळी जागा आपण रिकामी ठेवली, असं तिला वाटत राहिलं.

घरी परतली तेव्हा आई वाट पाहत होती. बजाबाईचं आयुष्य गिरणीत, सूत गुंडाळायच्या रीळ खात्यात गेलं. आता डोळ्यांना कमी दिसायचं.

"आज उशीर झाला व्हय गं चांगू? जेव आधी. मग त्या पोलीस पाटलाचं पुढं काय झालं ते सांग."

रोज जेवण झालं की चांगुणा आईला एखादं प्रकरण वाचून दाखवायची. किती वर्षं चाललं होतं हे! आणि आई तिच्या एकाही बेरजेत कधी आली नव्हती. भाकरीचा घास हातात तसाच राहिला आणि तिला एकदम हसू फुटलं.

"काय झालं?"

"काही नाही. तुला मोजायची राहिली."

"मला? मी कुटं हरवली हाय काय?" बजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटलं नाही.

"ऐकलेलं ते वाचलेलं नव्हे, चांगुणाबाई. आपलं वाचनालय आहे, श्रवणालय नव्हे."

"पण सर, पुस्तक कुणासाठी घ्यायचं? नेणाऱ्यासाठी का त्यातलं ज्याच्यापर्यंत पोचतं त्याच्यासाठी?"

सर म्हणाले, "बरं. पण मोजायचं तर सगळ्यांचं मोजा. मराठीतही कुणी ऐकत असेलच. एकाच भाषेचे कान धरले तर तो पक्षपात होईल."

हे रास्त होतं. त्या दिवसापासून पुस्तक न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला चांगुणा विचारू लागली, "हे घरी आणखी कोण कोण ऐकतं?" लोक आधी बुचकळ्यात पडायचे, मग खुलून बोलायचे. एक शिंपी म्हणाला, "दुकान में मैं पढता, चार कारागिरां सुनते. मशीन बंद करके सुनते, इसलिए सेठ चिल्लाता." एक कन्नड आजोबा नातसुनेला वाचून दाखवायचे, कारण घरातले बाकीचे मराठीच बोलत आणि तिला माहेरची भाषा ऐकायला बरं वाटायचं. मराठीतही ऐकणारे निघाले, पण थोडे. आणि दर आठवड्याला दोन जाड कादंबऱ्या नेणाऱ्या एका वकीलसाहेबांनी इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, "ऐकतंय कुणी? अहो, वाचतही नाही कुणी. बायको आणायला सांगते आणि उशाशी ठेवून झोपते. म्हणते, उशाशी पुस्तक असलं की झोप चांगली लागते."

हे सगळं सरांपुढं ठेवल्यावर ते म्हणाले, "मला एकदा ती गल्ली दाखवा."

कमलम्माच्या अंगणात सरांसाठी शेजारून खुर्ची आणली गेली. बाया आधी अवघडून बसल्या, पदर सावरत. काशम्मानं चहा आणून दिला. कमलम्मा वाचू लागली आणि हळूहळू सगळ्या सरांना विसरून गेल्या. सरांना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. शाळा तपासायला बसल्यासारखे ते ताठ बसले होते. पण मध्येच एका ठिकाणी सगळ्या जणींची बोटं थांबली. एकदम. कुणी काही सांगितलं नव्हतं. एकीनं तंबाखूची बोटं लागू नयेत म्हणून मनगटानं डोळे पुसले.

"काय झालं?" सरांनी न राहवून विचारलं.

"थोरली सून घर सोडून चालली," कमलम्मानं चष्म्यावरून बघत सांगितलं. "लेकरू सासूजवळ ठेवून."

"का?"

"ते अजून लिहिलं नाही. पुढं असंल."

"मग वाचा की पुढं."

"पानं संपली सुपातली. पुढचं उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच सर पायरीवर येऊन उभे होते. चांगुणाला वाटलं, वाटणीबद्दल काही ठरवलं असेल.

"त्या सुनेचं काय झालं, कळलं का?" सरांनी विचारलं.

विरुपाक्षला पुन्हा बोलावणं गेलं. थप्प्या पुसायच्या नाहीत, त्या खऱ्याच आहेत, असं चांगुणानं त्याला बजावलं. फक्त प्रत्येक थप्पीच्या पायाशी ऐकणारी माणसं बसवायची. मराठीच्या उंच थप्पीखाली चार-पाच माणसं आली, कन्नडखाली तेवढीच, उर्दूखाली थोडी जास्त. आणि तेलुगूच्या गुडघ्याएवढ्या थप्पीभोवती बायांचा असा मेळा जमला की भिंत अपुरी पडली. शेवटच्या दोघींना विरुपाक्षनं कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर बसवलं.

ते बघायला कमलम्मा आली. बराच वेळ निरखून ती म्हणाली, "पेंटर, ह्या सगळ्या रिकाम्या हातानं का बसल्यात? आमच्यात कुणी असं बसत नाही."

"ऐकायलेत न्हवं?"

"ऐकताना हात चालतात की. सुपं दे सगळ्यांना."

विरुपाक्षनं डोक्याला हात लावला. पण सुपं काढली. एकेका मांडीवर एकेक, आत हिरव्या पानांचे ठिपके. त्या दोन दिवसांची मजुरी त्यानं मागितली नाही. सरांनी विचारल्यावर म्हणाला, "चूक माझी हाय. विडी ओढतो मी, आन् वळताना कधी बघितलं न्हाय."

खरेदीची बैठक पुन्हा बसली. सगळं काही चांगुणाच्या मनासारखं झालं असं नाही. एकानं विचारलं, असेच ऐकणारे मोजत गेलो तर उद्या रेडिओसुद्धा मोजाल का. कन्नडवाल्यांनी आपलीही माणसं कमी धरली असा आक्षेप घेतला, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. अखेर थप्पी आणि माणसं, दोन्हींकडं बघून वाटणी झाली. मराठीचा वाटा मोठाच राहिला. पण तेलुगूला दुसरं कपाट मिळालं, नवं, काचेच्या दाराचं. कुठली पुस्तकं घ्यायची ते कमलम्माला विचारून ठरवायचं, हे सरांनी स्वतः सुचवलं.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपता संपता नवी पुस्तकं आली. त्या शनिवारी कमलम्मा एकटी आली नाही. सगळी गल्लीच तिच्यामागून आली, सणाची लुगडी नेसून. आधी बाहेर भिंतीपाशी गलका झाला. ही मी, ती तू, माझं नाक एवढं मोठं आहे का, असं सगळं तेलुगूत. चांगुणाला शब्द कळत नव्हते, पण भांडण कळत होतं. मग त्या आत येऊन नव्या कपाटापुढं उभ्या राहिल्या. एकीनं काचेवर हात ठेवला, आणि डाग पडला म्हणून लगेच पदरानं पुसला.

काशम्मा मात्र सरळ टेबलापाशी आली.

"मला मेंबर कर," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "कमलम्मा एकच पुस्तक आणते. चार दिवसांत संपतं. मी मेंबर झाली तर दोन येतील."

"पण तुम्हाला वाचता येतं?"

"नाही येत. ती वाचेल. पुस्तक माझं."

चांगुणानं नियमांचं पुस्तक काढलं. सभासद सोलापुरात राहणारा असावा, पुस्तकं स्वच्छ ठेवावीत, वेळेवर परत करावीत, पानांचे कोपरे दुमडू नयेत. वरपासून खालपर्यंत तिनं दोनदा वाचलं. शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सरांकडं तिनं पुस्तक सरकवलं.

"सर, सभासदाला वाचता आलं पाहिजे, असं यात कुठंच नाही."

सरांनी चष्मा वर केला. "नियम मीच केलेत. लिहायचं राहून गेलं असेल."

"मग काय करू?"

"राहू द्या तसंच," सर म्हणाले आणि शाईचा पॅड शोधायला त्यांनी टेबलाचा खण उघडला.

काशम्मानं अंगठा उठवला, तो नीट उठला का ते वाकून बघितलं, आणि नव्या कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक कुठलं ते विचारायला लागली.